स्टीलच्या पेल्यातलं गाणं

दुपारी ओमानमधल्या रुस्ताकचा बाजार झोपतो. अम्मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढते, आम्ही जेवतो, आणि मग आमची कारागीर तिचा फोन रिकाम्या स्टीलच्या पेल्यात उभा करते. आवाज मोठा होतो म्हणून.

ती टांझानियातल्या दार-ए-सलामची. अम्मीच्या लेडीज टेलरिंगच्या दुकानात काळ्या पायघोळ अबायांवर मणी आणि खडे लावते. फोनवर वाजतं ते सिंगेली, तिच्या शहरातल्या गरीब वस्त्यांचं संगीत. इतकं वेगवान, की पहिल्यांदा मला वाटलं फोन बिघडलाय. वाद्यं घ्यायची ऐपत नाही, मग जुन्या गाण्याचा एक तुकडा कॉम्प्युटरवर पुन्हा पुन्हा फिरवायचा, वेग वाढवायचा, आणि लग्नात गल्लीत स्पीकर लावून सगळ्या वस्तीला नाचवायचं. तिचा धाकटा भाऊ हेच करतो. म्हणजे करायचा. तिला ओमानला पाठवताना एजंटचे पैसे भरायला त्याने कॉम्प्युटर गहाण टाकला होता.

माझी अक्षरओळख अब्बांच्या युनियनच्या पत्रकांवर झालेली. हे ऐकल्यावर मी गप्प कशी बसणार? हिंदीत, अरबीत, हातवारे करून मी तिला सांगितलं, की अमेरिकेत मोटारींचे कारखाने बंद पडले तेव्हा तिथल्या काळ्या पोरांनीही स्वस्तातल्या जुन्या मशीनवर असंच संगीत रचलं. ज्यांचं सगळं कर्जात जातं ते ताल घडवतात, हे बंड आहे.

ती मणी ओवत ऐकत राहिली.

"खलास?" तिने विचारलं. "आता नाच."

मला नाचता येत नाही. तिने माझे खांदे धरून हलवून पाहिले, आणि अम्मी ठसका लागेपर्यंत हसली.

रमजानमध्ये भावाचा निरोप आला. ज्याच्याकडे कॉम्प्युटर गहाण होता, तो ईदनंतर थांबणार नव्हता, विकून टाकणार होता. त्या दिवशी फोन पेल्यात गेला नाही. ती मान खाली घालून खडे चिकटवत राहिली.

अम्मी मला बाजूला घेऊन म्हणाली, "उचल देते तिला. पगारातून हळूहळू कापून घेईन."

"नको."

"नको? काळीज आहे का दगड गो तुझं?"

"उचल म्हणजे कर्जच ना, अम्मी. आज त्या माणसाचं, उद्या आपलं. ईदच्या ऑर्डरी ती जादा बसून करते, त्याचे पैसे दे. गेल्या ईदचेही राहिलेत."

अम्मीचा चेहरा उतरला. "आणि अर्बाबला त्याच्या दुकानाचं भाडं कोण देणार? तुझी पत्रकं?"

मी तुरपाईसाठी टांगलेल्या अबायांकडे पाहिलं. मग सुचलं. "ईदला तुरपाईसाठी बाहेरची बाई घेतेस ना? या वेळी तिच्या जागी मी बसते. फुकट."

"तुझी तुरपाई बघितलीय मी," अम्मी म्हणाली. तिने सुयांचा डबा माझ्यापुढे सरकवला. "अगदी बापावर गेलीस."

मी बसले. अम्मीने माझी अर्धी तुरपाई उसवायला लावली, पण दोन्ही ईदचे पैसे आमच्या दार-ए-सलामवालीच्या हातात ठेवले. "हे तुझेच आहेत. परत द्यायचे नाहीत." ती आधी माझ्याकडे बघायला लागली, मग अम्मीकडे, आणि मग एकदम रडली.

ईद झाली आणि एका दुपारी फोन पुन्हा पेल्यात उभा राहिला. कॉम्प्युटर सुटला होता, भावाने नवं गाणं पाठवलं होतं. ढोल, टाळ्या, पोरांचं ओरडणं, आणि त्या सगळ्याखाली एक सततची खडखड.

अम्मीने मान वर केली. "हे आपलं मशीन! दारापाशचं. त्याचाच पट्टा सैल आहे."

दार-ए-सलामवालीने आम्हाला न सांगता मशीनचा आवाज रेकॉर्ड करून त्याला पाठवला होता. आता ती तोंडावर ओढणी धरून हसत होती.

"उद्या पट्टा बदलून घेऊ का?" मी विचारलं.

"राहू दे. तिच्या भावाला अजून लागेल," अम्मी म्हणाली. "यल्ला, परत लाव."

अम्मी मशीनपासून लांब, चटईवर बसली होती. तरी तिचा पाय तालावर हलत होता.