एकाच नावाचे दोघे

कंपनीत सगळे त्याला भिंगरी म्हणायचे. खुर्चीत बसला तरी त्याचा पाय हलत राहायचा. कंपनीचे फोन सांभाळणं हे त्याचं काम.

त्या दिवशी तर त्याच्या जिवाला थाराच नव्हता. सकाळी वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन, आणि नेमकी त्याच दिवशी फोनची यंत्रणा कर्मचाऱ्यांच्या यादीशी जोडायची होती. एकदा जोडली, की यादीत माणूस बदलला तर फोनवरही आपोआप बदलणार. रजा मागितली तर साहेब म्हणाले, "आजचं पार पाड, मग हवी तेवढी घे."

यंत्रांच्या खोलीत मोबाईलला बंदी. म्हणून धाकट्या बहिणीला त्याने टेबलावरच्या फोनचा नंबर देऊन ठेवला होता.

जोडणी खरं तर कर्मचारी क्रमांकावरून करायची. पण निम्म्या फोनांच्या नोंदींत हे क्रमांक भरलेलेच नव्हते आणि ते भरत बसायला धीर कुणाला? त्याने सरळ नावं जुळवली आणि बटण दाबलं.

काम झालं. फोन मात्र गप्प. तो रिसीव्हर उचलायचा, आवाज येतोय ना बघायचा, ठेवायचा, पुन्हा उचलायचा. शेवटी स्वतःच बहिणीला लावला. तिचा फोन व्यस्त. परत लावला, तरी व्यस्त.

तेवढ्यात पॅकिंगमधले एक वयस्कर गृहस्थ धापा टाकत दारात उभे राहिले.

"फोनवाला तूच ना? नाव काय तुझं?"

भिंगरीने नाव सांगितलं.

"माझंही तेच, आडनावासकट! अरे, तुझ्या बहिणीचा फोन माझ्याकडे वाजला. वडील शुद्धीवर आलेत. बोलले."

भिंगरीने हातातला रिसीव्हर ठेवला. "इतका वेळ ती तुमच्याशी बोलत होती?"

"बोलते कसली, रडत होती. म्हटलं, बाई गं, मी तुझा दादा नव्हे. तरी थांबेना. एकटीच होती तिथे. मग म्हटलं, आधी रडून घे, निरोप मग दे. चल, ऊठ, नीघ आता."

"कसा निघू? माझा फोन तुमच्याकडे वाजला, म्हणजे आणखी कुणाकुणाचे कुठे वाजत असतील!"

त्याने जुनी मांडणी परत चढवली. गृहस्थांना खाली पाठवलं आणि त्यांच्या नंबरवर रिंग दिली.

"आला का फोन?"

"आला. आता पळ!"

तो पळालाच.

पुढच्या आठवड्यात एकेक क्रमांक भरून त्याने जोडणी नव्याने केली. वडील घरी आल्यावर बहिणीने हट्टच धरला आणि पॅकिंगवाले काका भेटायला आले. त्यांचं नाव ऐकून वडील दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले.

"एकाला सांभाळताना नाकी नऊ आले," ते म्हणाले, "त्यात हा दुसरा कुठून आणलात?"

सगळे हसले. वडीलही हसले आणि लगेच छातीवर हात धरून ओरडले, "हसवू नका रे, टाके दुखतात!"