उसिरु एष्टु?

नर्सिंगला गेले तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. वर्गातल्या बाकीच्या मुली अठरा-एकोणीसच्या, बहुतेक केरळच्या, आणि त्यांच्यात मी एकटी साताऱ्याकडची थोराड घोडी. बारावी बाहेरून दिलेली, तीही भाकऱ्या थापता थापता, कुणाची शिकवणी नाही की काही नाही. नव्वद साल उलटून गेलेलं. दादा बेंगळुरूला कारखान्यात होता, मल्लेश्वरमला दोन खोल्या घेऊन राहायचा. नर्सिंग स्कूलचा फॉर्म वहिनीनेच आणला. आम्ही दोघींनी आधी वयाची अट वाचली, आणि मी बसतेय म्हटल्यावर वहिनी नाचायचीच बाकी राहिली.

दादा मात्र तिढा घालून बसला. "तीन वर्षांचा कोर्स आहे. पहिलं वर्ष पास झालीस तर पुढे मी चकार शब्द काढणार नाही. नापास झालीस तर गाडीत बसायचं आणि मास्तरांना होकार द्यायचा."

हे मास्तर म्हणजे गावाकडचे बिजवर. माणूस वाईट नव्हता हो! पण बघायला आले तेव्हा चहा होईपर्यंत सात वेळा शिंकले आणि प्रत्येक शिंकेला माझ्याकडे बघून "शुभ आहे" म्हणाले. एवढ्या शुभात राहायची माझी तयारी नव्हती.

म्हणून मी मान मोडून अभ्यास केला. हॉस्टेलवर पोरी मला चेची म्हणायच्या, म्हणजे त्यांच्यात ताई. दर रविवारी मी मल्लेश्वरमला जायची आणि आठवडाभर शिकलेलं सगळं दादा-वहिनीवर करून बघायची. पेशंट झोपलेला असताना त्याच्या अंगाखालची चादर कशी बदलायची ते दादावर शिकले. त्याला या कुशीवरून त्या कुशीवर लोटायचं, चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडून गादीखाली खोचायचे. "अगं, मी माणूस आहे की पुरणपोळी?" तो ओरडायचा. वहिनी म्हणायची, "वन्सं, अजून एकदा उलटा, खालून कच्चे राहिलेत!"

सगळ्यात मजेचा प्रकार श्वास मोजण्याचा. श्वास मोजतोय हे पेशंटला कळू द्यायचं नाही, असा नियमच आहे. कळलं की माणूस नाटकी श्वास घेतो. मग काय करायचं, तर नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, आपलं नाडीच बघतोय असं दाखवायचं आणि चोरून छातीकडे बघायचं. वहिनीवर मी हे इतकं केलं की नुसता हात धरला तरी ती लोहाराच्या भात्यासारखी फुगायची.

पुस्तक इंग्रजी, ते मी घोकलं. पण वॉर्डात कानडी. त्यासाठी मी एक वही केली होती, देवनागरीत. नीरु म्हणजे पाणी, ऊटा म्हणजे जेवण, नोवु म्हणजे दुखणं. एष्टु म्हणजे किती आणि स्वल्प म्हणजे थोडं, हे दोन तर भाजीवालीनेच शिकवलेले. चाळीस पानं भरली होती. श्वासाला काय म्हणतात ते मात्र लिहायचं राहिलं. चोरून मोजायची गोष्ट, तिचं नाव कशाला कुणाला विचारायचं?

प्रॅक्टिकलला बाहेरगावच्या एक मॅडम परीक्षक होत्या. करड्या केसांचा घट्ट अंबाडा, चेहरा इस्त्रीचा. खाटेपाशी पेशंटचीच भाषा बोलायची, असा त्यांचा दंडक. मला पेशंट मिळाली ती एक कानडी अज्जी. पाय मोडून महिनाभर पडलेली, आमच्या सगळ्या पोरींना नावानिशी ओळखणारी. मी आत गेले, ताप बघितला, लिहिला. मनगट धरलं, नाडी मोजली, लिहिली. मनगट तसंच धरून छातीकडे बघणार, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "उसिरु एष्टु?"

माझ्या कानावर काय आलं? उशीर किती!

झालं! मी अज्जीचा हात सोडला, ट्रे सारखा केला, धावत जाऊन हात धुतले, परत आले. मॅडमनी पुन्हा विचारलं, जरा जोरात, "उसिरु एष्टु?" डोळ्यांपुढे मास्तर शिंकत उभे. मी माझं सगळं कानडी गोळा केलं आणि हात जोडून म्हणाले, "स्वल्प, मॅडम! स्वल्प!"

अज्जीने डोळे पांढरे केले. "अय्यो! नन्न उसिरु स्वल्पाना?" म्हणत तिने छातीवर हात ठेवला आणि मोठ्ठा श्वास सोडून मला दाखवला. हा उसिरु, बाई, हा! मॅडमनी विचारलं होतं, श्वास किती? आणि मी भर परीक्षेत, पेशंटच्या तोंडावर सांगितलं होतं की थोडाच उरलाय.

आधी अज्जी हसली. खाट हलायला लागली. मग मी हसले, आवरेचना. मॅडम तशाच उभ्या. "मग मोज की," आपला दंडक सोडून त्या इंग्रजीत म्हणाल्या. आणि देवाने मला त्या क्षणी बुद्धी दिली. मी पदराने, छे, अ‍ॅप्रनने डोळे पुसले आणि म्हणाले, "आत्ता नाही मोजता येणार, मॅडम. पेशंट हसतेय. शांत झाल्यावरच बरोबर आकडा येईल."

पुस्तकात अगदी हेच लिहिलंय! मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं, आणि त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. "सरी," म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे.

पाच मिनिटांनी मी पुन्हा अज्जीचं मनगट धरलं. तिला सगळं ठाऊक होतं, महिनाभर आम्ही चोऱ्या करत आलो होतो ना. छताकडे बघत, साळसूद चेहऱ्याने, ती घड्याळाच्या काट्यासारखा एकेक श्वास मला देत गेली. अठरा. अगदी पुस्तकी आकडा.

हे मी वहिनीला सांगितलं, दादाला सांगायची छाती झाली नाही. महिन्याने स्कूलच्या फळ्यावर निकाल लागला. पास! पोरींनी मला उचलायचा बेत केला, पण मी उचलण्यातली नव्हते, मग त्याच माझ्या गळ्यात लटकल्या. त्या गोंधळात दोन बस चुकल्या. मल्लेश्वरमला पोचले तर जेवणाची वेळ टळून गेलेली, दादा दारातच उभा, कपाळाला आठ्या.

"उशीर किती!" तो म्हणाला.

"स्वल्प!" मी म्हणाले, आणि वहिनी मागे पोळपाट टाकून मटकन खाली बसली. मीही उंबऱ्यावर बसले. हसून हसून आम्हा दोघींच्या डोळ्यांतून धारा.

"अगं, पास की नापास ते तरी सांगा!" दादा रडकुंडीला आला.

"थांबा हो," वहिनीने कसंबसं म्हटलं. "पेशंट हसत असला की आकडा सांगता येत नाही."

मास्तरांना पोस्टकार्ड त्याच दुपारी गेलं. लिहिलं दादाने, मजकूर वहिनीचा.