'खाली' नावाची फाईल

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. 'त्या वळणावर बाई दिसते' असं कुणी म्हणालं की किती पेग झाले होते ते विचारायचो. अजूनही माझा स्वभाव फारसा बदललेला नाही. पण या सदरातले अनुभव वाचताना दरवेळी मला एकच गोष्ट आठवते आणि पुढचं वाचवत नाही. त्यात सावली नाही, आवाज नाही, पांढरी साडी नाही... एक फाईल आहे. तीही रिकामी.

९६ साल असावं, नक्की आठवत नाही. संक्रांत होऊन गेली होती एवढं नक्की. बारामतीत भिगवण रोडला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करायचो. युनिक्सचं एक मोठं मशीन, त्याला जोडलेले चार टर्मिनल, आणि प्रोग्रॅम लिहिणारे आम्ही दोघं – मी आणि मारुती. मालकांना आम्ही सर म्हणायचो.

मी जळोचीचा, मारुती निमगाव केतकीचा. गावाबाहेर, ओढ्यापलीकडे त्यांची वस्ती. आजोबांपर्यंत मेंढरं घेऊन फिरणारं घर. मोठ्या भावाने, म्हणजे तात्यांनी, मेंढरं कमी करून डाळिंब लावलं आणि धाकट्याला शिकवलं. मारुती रोज एसटीने यायचा-जायचा. फाट्यावर उतरून शेतातल्या पायवाटेने वस्तीवर. सी भाषा त्याला माझ्यापेक्षा लवकर आली. जेवताना सुद्धा डबा एका हातात आणि दुसरा कीबोर्डवर.

आता थोडं तांत्रिक सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सी मध्ये 'स्टॅट' म्हणून एक फंक्शन आहे. ते फाईल उघडत नाही, फाईलबद्दलची माहिती आणून देतं. किती मोठी आहे, मालक कोण, कुणाला परवानगी आहे, शेवटचा बदल कधी झाला – अगदी सेकंदापर्यंत. आम्ही दोघांनी त्यावरून एक छोटा प्रोग्रॅम केला होता. रोज सकाळी तो चालवायचा, कालपासून कोणत्या फाईली बदलल्या ते पाहायचं आणि तेवढ्याच बॅकअपसाठी टेपवर घ्यायच्या. प्रोग्रॅम नीट चालतो का ते तपासायला मारुतीने एक रिकामी फाईल बनवली होती. आत एक अक्षर नाही, साईज शून्य. नाव ठेवलं khali. खाली डबा म्हणतो ना आपण, तसं. ती फक्त त्यालाच उघडता येईल अशी ठेवली आणि विसरून गेला.

एका शनिवारी संध्याकाळी तो नेहमीसारखा निघाला. सोमवारी सकाळी आला नाही. मी प्रोग्रॅम चालवला तर बदललेल्या फाईलींत एकच नाव – khali. बदल रविवारी दुपारचा. रविवारी ऑफिसला कुलूप असतं. मशीन तेवढं चालू ठेवायचो.

म्हटलं मारुती येऊन गेला असेल. किल्ली होतीच त्याच्याकडे. पण लॉगिनची नोंद पाहिली तर शनिवारनंतर तो मशीनवर आलेलाच नव्हता.

मी हे बघत होतो तेवढ्यात तात्या जिना चढून आले. डोळे तांबडे, धोतराला कुसळं चिकटलेली.

"मारुती हाय का हितं?"

"नाही तात्या. का?"

"शनवारपास्नं घरी न्हाय. इंदापूर, भिगवण, समदे दवाखाने बघून झाले. फाट्यावर उतरला असं कंडक्टर म्हनतोय. आता ओढ्याकडच्या जुन्या हिरी बघायच्या राहिल्यात... पोरं गोळा केलीत दोर घेऊन. म्हनलं आधी हितं इचारून जावं."

हीर म्हणजे विहीर. त्यांच्या भागात पडक्या, वेड्या बाभळीनं झाकलेल्या पुष्कळ.

सर केबिनमधून बाहेर आले. मी त्यांना स्क्रीन दाखवला आणि लॉगिनचंही सांगितलं.

"नोंदी पुसता येतात. हुशार आहे तो," सर म्हणाले. मग तात्यांकडे वळून, "तुमचा भाऊ काल इथं होता. हे बघा. त्याची फाईल, त्याच्याशिवाय कुणाला हात लावता येत नाही."

तात्या दहावीपर्यंत शिकलेले. त्यांनी वाकून एकेक अक्षर लावलं. "खा... ली. खाली कुठं?"

सर हसले. "खाली म्हणजे रिकामी हो."

तात्यांनी स्क्रीनवरच्या नावावर बोट ठेवलं. "म्हंजी जिता हाय."

"जिवंत आहे आणि माझं सॉफ्टवेअर चोरतोय. दुसरीकडे विकणार असेल."

"सर, रिकाम्या फाईलीत काय चोरणार?" मी म्हणालो.

"तू गप्प बस."

त्याच दुपारी सरांनी पोलिसांत तक्रार दिली. तात्या त्या पोरांना 'दोर ठेवून द्या' असं सांगायला गेले. जाताना त्यांचा चेहरा आनंदाचा होता की लाजेचा, मला सांगता येणार नाही.

मंगळवारी हवालदार वस्तीवर गेला. मारुतीच्या बायकोची, सुमनवहिनींची, ट्रंक त्याने सगळ्यांसमोर अंगणात पालथी केली. पातळं, लग्नातला शालू, सगळं मातीत. "बारामतीत बाई कोन ठेवलीय त्यानं? तुला म्हाईत असंल की." वस्तीवरच्या बायका दारात उभ्या राहून ऐकत होत्या. संध्याकाळपर्यंत मारुतीनं दुसरा संसार केलाय हे निमगावभर झालं. दुसऱ्या बाईचं नाव सुद्धा लोकांनी ठरवून टाकलं.

तात्या पुन्हा बारामतीला आले, ते काठी घेऊन. ऑफिस सुटल्यावर खाली जिन्यात बसले ते रात्रभर. भाऊ आला की पकडायचा म्हणून.

इकडे त्या फाईलची वेळ बदलतच होती. दिवसा मी पुन्हा पुन्हा प्रोग्रॅम चालवायचो. चारही टर्मिनल माझ्या डोळ्यांसमोर, कुणी बसलेलं नाही... तरी सेकंदाचा आकडा पुढे गेलेला. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा पुढे. मग तासभर काही नाही. साईज मात्र कायम शून्य. कुणीतरी फाईलीला हात लावतंय आणि काहीच न लिहिता सोडून देतंय, असं.

सरांनी दाराचं कुलूप बदललं. मंगळवारी निघताना मशीन बंद करून वायर काढली आणि स्वतःच्या घरी नेली. बुधवारी त्यांनीच वायर आणून लावली, मशीन सुरू झालं, मी प्रोग्रॅम चालवला. khali बदललेली होती. वेळ पहाटेची.

वीज नाही तर डिस्क फिरत नाही. डिस्क फिरत नाही तर तिच्यावर लिहिणार कोण? मी सरांना हेच विचारलं.

"घड्याळाची बॅटरी गेली असेल. काम कर."

घड्याळ मी मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. बरोबर होतं. खाली जाऊन तात्यांना सांगितलं, "तात्या, मशीन बंद होतं, तरी फाईल बदलली. हे मारुती इथं येऊन करत नाहीये. तुम्ही त्या विहिरी बघाच."

तात्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "भाऊ, हवालदारानं घरात यून आमची अब्रू काढली. त्यो जिता हाय येवढं मिशन म्हनतंय ना? बास. आता त्यानं सोताहून यावं अन् माझ्यापुढं हुबं ऱ्हावं."

"पण तात्या..."

"आमी न्हाय हुडकायचं आता."

बुधवारी वेळा विरळ झाल्या. सकाळी एकदा, दुपारी एकदा. गुरुवारी दुपारी, आम्ही जेवून उठत होतो तेव्हा शेवटची. त्यानंतर मी पन्नास वेळा पाहिलं असेल. आकडा हलला नाही.

पुढच्या रविवारी ओढ्याकडे मेंढरं घेऊन गेलेल्या एका म्हातारीचं कुत्रं बाभळीच्या जाळीपाशी अडून भुंकायला लागलं. जाळीत जुनी विहीर होती, काठ ढासळलेला. पायवाटेपासून हाकेच्या अंतरावर. तात्यांनी गोळा केलेल्या पोरांनी सोमवारी दोर घेऊन सुरुवात केली असती तर ती दुसरी की तिसरी विहीर ठरली असती.

मी गेलो तेव्हा मारुतीला वर काढलेलं होतं. एक पाय मांडीतून मोडलेला, बरगड्या मोडलेल्या. जोरात ओरडणं त्याला जमलं नसणार, असं डॉक्टर म्हणाले. तळाला थोडं डबकं होतं, त्या पाण्यावर तो राहिला. एका फांदीला रुमाल बांधून त्यानं ती वर धरायचा प्रयत्न केला होता. बाजूला जेवणाचा डबा. त्याचं झाकण दगडावर आपटून आपटून चेपलेलं, त्याला गोल आकार राहिला नव्हता.

"पडल्या पडल्या गेलेला नाही हा," डॉक्टर तात्यांना म्हणाले. "चार-पाच दिवस होता. बुधवार-गुरुवारपर्यंत तरी."

तात्या विहिरीच्या काठावर बसले आणि खाली बघत राहिले. दोघांनी धरून उठवलं तेव्हा उठले.

तेराव्याला गेलो. सुमनवहिनी चुलीपाशी होत्या. हवालदाराच्या प्रकारानंतर त्या कळंबला माहेरी निघून गेल्या होत्या. आता दिवसांसाठी आणलं होतं. मला बघून त्या बाहेर आल्या.

"भावजी, ती फाईल का काय... शेवटची कवा हालली?"

सांगू नये असं वाटत होतं, पण त्यांच्याकडे बघून खोटंही बोलवेना. "गुरुवारी. दुपारी."

"बेस्तरवारी." त्या भिंतीला टेकल्या. "बेस्तरवारी दुपारीच गेले की मी म्हायेरला. त्याच वाटंनं."

त्यांनी ओढ्याकडच्या पायवाटेकडे हात केला.

"वाजत हुतं कायतरी, भावजी. टक... टक... मला वाटलं कोनतरी मोटार खोलतंय. मनात लई राग हुता त्यांचा. पिशवी जड झालती, ती ह्या हातातली त्या हातात घेतली. उलसं थांबले, अन् गेले."

त्या रडल्या नाहीत. पदराला हात पुसून पुन्हा आत गेल्या, आणि आतून कुणालातरी मीठ कुठं ठेवलंय ते विचारल्याचा आवाज आला.

सरांनी तक्रार मागे घेतली नाही. आरोपी मयत म्हणून पोलिसांनीच ती मिटवली. मशीनवरचं मारुतीचं खातं सरांनी माझ्याकडूनच काढून टाकायला लावलं, त्याबरोबर ती फाईलही गेली. महिन्याभरात मी नोकरी सोडली.

पुढे पुण्यात मोठमोठ्या सिस्टिमवर काम केलं. जाणत्या लोकांना हे सांगितलं. कुणी म्हणतं आपोआप चालणारा एखादा प्रोग्रॅम मागे राहिला असेल, कुणी म्हणतं डिस्क खराब असेल, कुणी म्हणतं सरच करत असतील. मी सगळं ऐकून घेतो. आपोआप चालणारं काही नव्हतं, मी तेव्हाच शोधलं होतं. डिस्क पुढे कितीतरी वर्षं तशीच चालली. आणि वायर काढलेल्या मशीनमध्ये पहाटे लिहायचं कसं, ते मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा.

वहिनी कायमच्या कळंबला राहिल्या. तात्यांनी दोनदा गाडी घेऊन माणसं पाठवली. त्या फाट्यापर्यंत आल्या आणि तिथून परत गेल्या. वस्तीवर जायला तेवढी एकच वाट आहे.