गळ्यात मासा

मी प्रताप. मुक्काम ड्युसेलडॉर्फ, पोटापाण्याचा उद्योग पंपांचं डिझाइन, आणि स्वभाव असा की समोरचा खूश दिसला की मी आधी मान डोलावतो आणि मग निस्तरत बसतो. एकदा डोलावलेली मान निस्तरायला मला आइस हॉकीचा एक अख्खा मोसम लागला.

नव्या नोकरीसाठी अर्ज करताना छंद काय लिहावा, हा प्रश्न पडला. छंद नव्हतेच. मग आमचं मराठी कला मंडळ आठवलं. जर्मन माणसाला 'मंडळ' कुठे समजावत बसा, म्हणून रोमन लिपीत नुसतं 'कला' लिहून मोकळा झालो. मुलाखत घेणारा साहेब मात्र फिनलंडचा निघाला. यार्मो नावाचा, साठीकडे झुकलेला, घुमा माणूस. छंदापाशी आला आणि त्याचा चेहरा उजळला.

"काला? तू?" त्याने इंग्रजीत विचारलं. मी म्हटलं, उच्चार चुकतोय, चालायचंच.

"अनेक वर्षं," मी छाती काढून म्हणालो.

"स्वतः प्ले केलंयस?"

"एकच प्ले. त्यात आपटलो आणि हा दात गेला."

सरदाराची पगडी डोळ्यांवर आल्याने मी स्टेजवरून खाली गेलो होतो. मी खोटा दात दाखवला. यार्मोने ताबडतोब स्वतःचे पुढचे दोन दात काढून टेबलावर ठेवले. फिनलंडमध्ये नाटकाची एवढी कदर आहे हे पाहून मला अगदी भरून आलं.

रुजू झालो त्या दिवशी त्याने माझ्या गळ्यात एक मफलर घातला. त्यावर हॉकीची काठी तोंडात धरलेला भला मोठा मासा होता. फिनिश भाषेत काला म्हणजे मासा, आणि 'काला' हा यार्मोच्या गावचा आइस हॉकी संघ. फिनलंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये खेळणारा आणि त्या लीगमध्ये सगळ्यात खाली असणारा.

तिथेच खरं सांगून टाकायला हवं होतं. पण माझी प्रोबेत्साइट, म्हणजे नोकरी पक्की होण्याआधीची परीक्षा, सुरू झाली होती. त्या सहा महिन्यांत साहेबाच्या मनातून उतरलो तर दोन आठवड्यांत घरी. व्हिसा नोकरीवर लटकलेला, बायकोने, मीनलने, नवं घर नक्की केलेलं. मी मान डोलावली.

"आपल्या घरात अंडं शिजत नाही, आणि तू गळ्यात मासा घालून फिरतोस!" मीनल म्हणाली. "निदान चतुर्थीला तरी बॅगेत ठेव."

मग दर शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस रिकामं झालं की मीटिंगच्या खोलीत यार्मोच्या लॅपटॉपसमोर मी हजर. पहिल्याच सामन्यात मी समोरच्या संघाच्या गोलला टाळ्या वाजवल्या. एकाच खेळाडूच्या डोक्यावर सोनेरी हेल्मेट दिसलं, तेव्हा हा मालकाचा मुलगा असणार असं मी ठरवलं. ते संघातल्या सगळ्यात जास्त गुण मिळवणाऱ्याला घालायला देतात, हे मला अन्वीने सांगितलं. अन्वी म्हणजे माझी मुलगी. मी मराठीत विचारतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते. पंधरा मिनिटं तिने मला ऑफसाइड समजावलं आणि शेवटी म्हणाली, "बाबा, दू फेर्श्टेस्ट गार निक्स्ट्स." तुला काही म्हणजे काही कळत नाही. भाषांतराची गरज नव्हती.

काला हरत राहिला. सुरुवातीला मी नोकरीसाठी देव पाण्यात ठेवले होते. संघ जिंकला तर साहेब खूश, एवढंच माझं गणित. पण थंडी वाढली तसं गणित बिघडत गेलं. आमचा गोलकीपर जखमी झाला तेव्हा मला जेवण गेलं नाही. मीनलने विचारलं, "कोण गेलं?" रेफ्रीला मी अस्सल पुणेरी शिव्या देऊ लागलो, आणि यार्मो त्या फिनिश उच्चारात घोकू लागला. घरापासून इतक्या लांब असं एकत्र ओरडायला कुणीतरी मिळालं, याचा मला फार आनंद होत होता. तो आनंद लबाडीचा आहे, हे मात्र दर शुक्रवारी घरी जाताना बोचायचं.

मार्चमध्ये शेवटचा सामना आला. हरलो तर संघ खालच्या लीगमध्ये, आणि माझी प्रोबेत्साइट संपायचीही तीच वेळ. एका गोलने हरलो. यार्मोने हळूच लॅपटॉप मिटला.

"तुझी नोकरी पक्की आहे. सही कधीच केली मी," तो म्हणाला. "आता शुक्रवारी थांबायची गरज नाही. मलाही पुरे झालं."

"पुरे झालं म्हणजे?" मी खेकसलो. साहेबावर!

"प्रताप, तुझ्या मंडळाचे फोटो मी नोव्हेंबरातच बघितले. पगडी, मिशा, सगळं."

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. "मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू यायचा थांबला असतास," तो म्हणाला. "बारा वर्षं मी इथे एकटाच बघत होतो."

तो दिवा घालवायला उठला. मला घरी जायला काहीच हरकत नव्हती. नोकरी पक्की, व्हिसा पक्का, लबाडी उघडी. मान डोलावली की सुटलो. आयुष्यात पहिल्यांदा मी मान आडवी हलवली.

"तो शेवटचा गोल ऑफसाइड होता," मी म्हणालो. "परत लाव."

यार्मोने लॅपटॉप उघडला. गोल ऑफसाइड नव्हता, हे मलासुद्धा कळत होतं. आम्ही तो परत परत बघितला आणि दर वेळी रेफ्रीला मराठीत शिव्या घातल्या.