ड्रमवरचा चौकोन

माझ्या नवऱ्याची नोकरी एका कोड्यापायी गेली.

आज त्यांचा दहावा झाला. सकाळपासून ग्रुपवर हात जोडलेले, फुलं, "भला माणूस गेला."
भला होता, तर तेव्हा कुठे होतात सगळे?

असो. असो म्हणते खरी, पण आज सांगणारच आहे.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. आम्ही सालवडला भाड्याच्या खोलीत राहायचो. हे बोईसरच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. यांची पाळी सुटली की त्याच जागेवर मधुकर यायचा. दोघांची भेट गेटवर, तीही धावती.

पण दोघांना कोड्यांचं वेड.

म्हणून ह्यांनी शक्कल काढली. पाळी संपताना एका रिकाम्या ड्रमच्या झाकणावर खडूने कोडं लिहून ठेवायचं. मधुकरने ते सोडवायचं, पुसायचं आणि आपलं नवीन लिहायचं. हरेल त्याने कॅन्टीनचा चहा पाजायचा.

कधी आकड्यांचं, कधी शब्दांचं, कधी "तीन भावांतला एक खोटं बोलतो, तो कोणता" असलं.

हे घरी आले की चप्पल काढायच्या आधी सुरू.
"कुसुम, आज मधुकरानं अवघड घातलंय. तुला नाय सुटायचं."
"तुमी जेवा आधी."

भात संपेपर्यंत सुटलेलं असायचं. कधी मला, कधी ह्यांना, कधी भांडत भांडत दोघांना मिळून. मग उद्याचं कोडं आम्ही तिथेच ताटावर बसून रचायचो.

मी सातपाटीची. मॅट्रिकला गणितात वर्गात पहिली होते, पण पुढे शिकवलं कोणी नाही. माझं कॉलेज त्या ड्रमवर झालं म्हणा ना.

मधुकरला हे ठाऊक होतं. गेटवर ह्यांना म्हणायचा, "वहिनीला सांगा, आज पार दमवलं."

त्या वर्षी बोनसवरून कंपनीत कुरबुर सुरू होती. संप होणार अशी हवा. साहेब लोक जरा काही हललं की दचकायचे.

नेमका तेव्हाच मी एक चौकोन घातला. नऊ घरांचा. उभी, आडवी, तिरपी, कशीही बेरीज करा, पंचेचाळीसच आली पाहिजे. वरच्या दोन कोपऱ्यांत आकडे दिलेले, बाकीची घरं रिकामी. खाली मोठ्या अक्षरात ४५.

मधुकरच्या आधी तो साहेबाने पाहिला.

ह्यांना केबिनमध्ये बोलावलं, ड्रमचं झाकण समोर ठेवलं.
"तीन रांगा म्हणजे तीन पाळ्या. आणि ही पंचेचाळीस माणसं जमणार आहेत कुठे?"

हे हसले. साहेबाला वाटलं, माजलाय.

"साहेब, कोडं हाय ते. माझ्या बायकोने घातलंय."

मग साहेब हसला. बाई आणि आकड्यांचं कोडं, त्याला पटेना.

"थांबा, सोडवूनच दाखवतो," असं म्हणून ह्यांनी खडू घेतला आणि तिथल्या तिथे सगळी घरं भरली.

साहेब म्हणाला, "म्हणजे आकडे तुला आधीपासून माहीत होते."

आता यावर माणसाने काय बोलायचं?

खरं सांगू शकेल असा एकच माणूस होता. मधुकरला बोलावलं. तो दारातून आत आला तेव्हा आपल्या जिवात जीव आला, असं हे मला नंतर म्हणाले.

"तुम्ही दोघं अशी कोडी घालता?"
"नाय साहेब. मला कोड्यांतलं काय कळत नाय."

मधुकर लवकरच पर्मनंट होणार होता. झाला.

ह्यांना काढलं.

मी कंपनीच्या गेटवर गेले. म्हटलं, मला साहेबांसमोर उभी करा. दुसरा चौकोन घालते, तिसरा घालते, हवे तेवढे घालते. वॉचमन बिचारा हळूच म्हणाला, "भाभी, घर जाओ."

आणि संप? तो झालाच नाही. बोनसवर मिटलं.

पण संपवाला म्हणून ह्यांचं नाव सगळीकडे पोचलं होतं. एमआयडीसीत कोणी दारात उभं करेना. शेवटी मनोरला हायवेवर एका टायरच्या दुकानात लागले, ते म्हातारे होईपर्यंत तिथेच.

नोकरीचं मी गिळलं. कष्टाला आम्ही दोघं कधी भ्यालो नाही.

पण ह्यांनी कोडी सोडली. कायमची.

पेपर आला की मी मुद्दाम विचारायची, "आडवे चार, तीन अक्षरी. काय असेल हो?"
"तूच बघ."
येत असायचं, चेहऱ्यावरून मला कळायचं. पण सांगायचे नाहीत.

माझा जोडीदार समोर बसलेला आणि मी एकटीच खेळतेय. अख्खा संसार असा गेला. याची चीड मला अजून आहे, आणि ती जाणार नाही.

आज मधुकर आला होता. रिटायर झालाय, बोईसरला स्वतःचं घर आहे. पाहुण्यांत बसून चहा घेता घेता सांगायला लागला, "काय दिवस होते. ड्रमवर कोडी घालायचो आम्ही. वहिनी तर असली कोडी घालायच्या की विचारू नका."

सगळे कौतुकाने माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "भाऊजी, एवढंच तेव्हा बोलायचं होतं."

त्याने कप खाली ठेवला.

"वहिनी, माझी पोरं लहान होती."
"मग आमची काय नोकरीला लागली होती?"

मान खाली घालून उठून गेला.

अहो, तुमची साक्ष झाली एकदाची. घरभर माणसांसमोर, त्याच्याच तोंडून.

तुम्हाला ऐकायला दहा दिवस उशीर झाला.

सुखाने जा.

— तुमची कुसुम