काकांचा गडगा आणि आमच्या जीपचं स्टीअरिंग

ज्या माणसाने माझ्या ड्रायव्हिंगचा फोटो गावभर फिरवला, त्याला मी लहानपणापासून काका म्हणत आले होते. नात्यातला नव्हे, वाडीतला. मुंबईची नोकरी संपवून तो परत आला, समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर त्याने रिसॉर्ट बांधलं आणि कडेने चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, घालताना तो गुपचूप वाटेत सरकवला. आधी वाट अरुंद करायची आणि मग वाट अरुंद आहे म्हणून बोंब मारायची. ही पद्धत मी आंदोलनाच्या कामात बऱ्याच ठिकाणी पाहिली होती. आपल्या दारात पाहिली तेव्हा जास्त झोंबली.

ती वाट रापणीची. किनाऱ्यावर दोन्ही बाजूंना माणसं उभी राहून दोराने ओढतात ते लांबलचक जाळं म्हणजे रापण. माझ्या वडिलांचा जन्म त्यात गेला. आता जाळं डोक्यावर वाहून न्यायला पुरेशी माणसं मिळत नाहीत, म्हणून ते आमच्या जीपमधून जातं. जीप जुनी, डिझेलची, फोर व्हील ड्राइव्ह. सुक्या वाळूत दुसरी गाडी रुतते. म्हणजे वाट गेली की जीप गेली आणि जीप गेली की रापण गेली. मी हे पत्रकात मोठ्या अक्षरांत छापलं होतं. लोकांनी त्यात भजी बांधली असतील, पण छापलं होतं.

फोटोची गोष्ट अशी. जीपचं स्टीअरिंग सैल झालं होतं. चाक फिरवावं, तरी जीप थोडा वेळ विचार करायची, मग वळायची. सरळ रस्त्यावरही हातातलं चाक सारखं इकडेतिकडे हलवत राहावं लागायचं. मी जाळं घेऊन वाटेतल्या वळणावर आले, वळवलं, जीपने विचार केला, आणि तेवढ्यात बंपर गडग्याला लागला. वरचे चिरे खाली आले. काका मोबाइल घेऊन उभेच होते, जणू त्यांनी वेळ ठरवून दिली होती. संध्याकाळी वाडीच्या ग्रुपवर फोटो आला. खाली लिहिलं होतं, "चेडवाच्या हातात गाडी दिल्यार असाच होतला." चेडू म्हणजे पोरगी, ती मी. दुसरीकडे तालुक्याला अर्ज गेला, तो मात्र शुद्ध मराठीत: सदर वाट ही पायवाट असून वाहनांस अयोग्य व पर्यटकांस धोकादायक आहे.

चिरे पडल्याचं त्याला दुःख नव्हतं. त्याला ते पडायलाच हवे होते. अर्जाला पुरावा मिळाला, आणि पुरावा मी दिला होता. हे मला सहन होईना.

अर्जावरून तालुक्याचे साहेब स्थळपाहणीला येणार असं कळलं तेव्हा मी ठरवलं की त्यांच्यासमोर हीच जीप, भरलेल्या जाळ्यासकट, त्याच वळणावरून न्यायची. गडग्याला न लागता. वाटेचा हक्क वगैरे सगळं खरं, त्यासाठीच तर लढतो, पण स्पष्ट लिहिते: मला त्या माणसाचं तोंड पडलेलं बघायचं होतं.

त्याआधी हायवेवरच्या एका गॅरेजात जीप दाखवून झाली होती. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, स्टीअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळला आणि म्हणाला, झालं. चाक घट्ट झालं खरं, पण वळवल्यावर आपोआप सरळ येईना, आणि जीप पहिल्यासारखीच भरकटत होती. आजार पायात आणि पट्टी डोक्याला. म्हणून मी घरीच अंगणात ताडपत्री घातली.

"बाबा, तुमी आत बसा. चाक हळूहळू डावीकडे-उजवीकडे हलवा. पुरा फिरवू नका, नुसता हलवा."

"आनी तू?"

"मी खाली."

"साडी-बिडी नेसलंस ना, आता गाडयेखाली झोप," बाबा म्हणाले. मी जीन्समध्ये होते. त्यांची थट्टा अशीच, दिसेल त्याच्या उलट.

खाली पडून मी बघत राहिले. यात जादू नाही. हाताने दिलेली हालचाल दांड्यातून बॉक्समध्ये येते, बॉक्समधून खालच्या आर्मला, तिथून सळईला, सळईतून चाकांना. एकेका सांध्यावर हात ठेवायचा. ज्याच्याकडे हालचाल येते पण पुढे जात नाही, तो चोर. सरकारी कचेरीत फाइल शोधतानाही मी हेच करते. कुठल्या टेबलापर्यंत पोचली ते विचारत जायचं.

पण हात ठेवावा कुठे? जीपच्या पोटाला बोटभर काळा थर होता. दर पावसाळ्याआधी बाबा काजूबियांच्या टरफलांचं काळं तेल आणि जळकं इंजिन ऑइल एकत्र करून जीपला खालून फासतात. होडीला तळातून तेल लावतात तसंच, त्याच कुंच्याने. खारी हवा लोखंड खाते हे बरोबर. पण होडीला रबर नसतं. सळईच्या टोकांना जे बॉल जॉइंट असतात त्यांच्यावर रबराच्या टोप्या असतात, आत ग्रीस राहावं आणि वाळू जाऊ नये म्हणून. तेलाने त्या टोप्या फुगून फाटल्या होत्या. आत ग्रीसऐवजी वाळू. बाबा चाक हलवत होते, आर्म हलत होता, आणि सळई थोडा वेळ स्वस्थ बसून मग निघत होती. बोटाला टकटक लागत होती.

"बाबा, तेलान घात केलो."

"होडयेक लावतंय ता जीपीक लावलंय, तर काय बिघाडला?"

"होडी वळताना जॉइंटार वळना नाय."

"होडी वळता ती माणसांच्या जिवार," ते म्हणाले आणि चाक हलवत राहिले. चूक मान्य करण्याची त्यांची तऱ्हा म्हणजे काम चालू ठेवणं.

आणखी एक गोष्ट सापडली. स्टीअरिंग बॉक्स चासीला जिथे बोल्टांनी धरलेला असतो, तिथे त्या काळ्या थराला बॉक्सभोवती बारीक भेग गेली होती. वस्तू हलत नसेल तर थर कशाला तडकेल? मी पट्टीने खरवडलं. बोल्ट सैल. स्टीअरिंग फिरवलं की चाकांआधी अख्खा बॉक्सच जागेवर हलत होता. आणि गॅरेजवाल्याने वरचा स्क्रू आवळला होता.

पुढचं अंग जॅकवर घेऊन चाकं वर-खाली धरून हलवली, ती ठीक निघाली. एवढ्यावरच भागलं. मी कणकवलीहून नवे जॉइंट आणले. जुने निघता निघेनात. ते निमुळते बसतात, ज्या कडीत बसतात तिच्या कुशीवर हातोडी मारावी लागते. मी प्रत्येक घाव कोणाच्या नावाने घातला ते लिहायची गरज नाही. बाबांना कळत होतं. एकदा ते म्हणाले, "गो, तेका मारतंस की जॉइंटाक? हाताक लागात."

बोल्ट आवळले, वरचा स्क्रू पुन्हा थोडा सैल केला, चाक हलकं झालं. पुढची चाकं समांतर आहेत का ते बाबांनी जाळ्याच्या सुतळीने मापलं, टायरच्या पुढच्या अंगाला आणि मागच्या. पुढे किंचित कमी हवं, तेवढं येईपर्यंत सळई फिरवायला लावली. जाळ्याचा आस, म्हणजे भोक, मापणारा डोळा, त्याला केसभर फरक खपत नाही. मग जीप रस्त्यावर काढली. हात जिकडे, जीप तिकडे. मी एकटीच हसले, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

साहेब आले तेव्हा काकांनी खुर्च्या मांडल्या होत्या, सोलकढी ठेवली होती. "साहेब, बघा, इथून वाहन जाऊच शकत नाही. गेल्या महिन्यात ही बाई थोडक्यात वाचली." ग्रुपवर चेडू, साहेबांसमोर बाई.

रापणीची माणसं वर जाळं लादून मोकळी झाली होती. लो गिअर टाकला आणि निघाले. वळणावर गडगा आणि आरसा यांच्यात हात जाईल एवढी जागा राहिली. जीप पलीकडे गेली. मागून कोणीतरी म्हणालं, "काकानू, फोटो काढलात?"

काका गडबडले. "आज गेली ओ साहेब. रोज थोडीच जातली?" साहेबांसमोरही मालवणी सुटली, तेव्हाच मला कळलं की त्यांचा धीर सुटलाय.

मग मी ती मागे घेतली. रिव्हर्समध्ये, जाळ्यामुळे मागचं काही दिसत नसताना, दोन्ही आरशांवर. सैल स्टीअरिंगवर हे कोणाच्या बापाला जमलं नसतं. परत आले, इंजिन बंद न करता खिडकीतून म्हटलं, "साहेब, आता टेप लावा. गडगा त्यांच्या हद्दीत आहे का तेवढं बघा."

"पुरे गो," बाबा शेजारच्या सीटवरून पुटपुटले.

पुरे नव्हतं. टेप लागली. नकाशा उघडला. वळणावर गडगा वाटेत होता, चांगलाच. साहेबांनी पंचनाम्यात वाहन गेल्याचंही लिहिलं आणि गडग्याचंही, आणि काकांना सांगितलं की हा भाग स्वतः काढा, नाहीतर आम्ही काढू.

त्यांनी स्वतः काढला. बाहेरून माणसं लावली तर सगळीकडे बोभाटा होईल म्हणून एकटेच चिरे उचलत होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. आम्हाला जाळं घेऊन जायचं होतं, वाट मोकळी होईपर्यंत थांबावं लागलं. बाबा उतरले. त्या माणसाच्या बरोबरीने चिरे उचलून कडेला लावू लागले. चिरा जड, एकाने धरायचा आणि दुसऱ्याने सरकवायचा.

काकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "गो, जरा हात लावशीत?"

"हात स्टीअरिंगार आसत," मी म्हटलं, आणि तिथेच बसून राहिले, शेवटचा चिरा निघेपर्यंत.