दत्तूच्या वतीने

काकी गेल्याचा निरोप घेऊन कासार आंबोलीहून माणूस आला, तेव्हा मी पुण्यातल्या शाळेत नववीला भूगोल शिकवत होतो. तास तसाच टाकून निघालो. वाटभर एकच विचार मनात येत होता, आणि तो लिहायला आज दीड महिन्यानंतरही लाज वाटते... आता तरी काकीचा मुलगा म्हणून मीच उभा राहीन.

तिचा पोटचा मुलगा दत्तू, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. मॅट्रिक होऊन हवाई दलात वायरलेसवर लागला. चीनच्या लढाईत डोंगरातल्या ठाण्यांवर धान्याची पोती टाकायला गेलेलं त्याचं विमान परतलंच नाही. आतल्या पाचही जणांचा ठावठिकाणा लागला नाही. मी आईवडिलांविना, विधवा काकीकडेच वाढलो. दुसऱ्यांच्या खाचरांत वाकून भातलावणी करून तिनं मला शिकवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो तिच्या कंबरेच्या जिवावर. पण बी.ए.चा निकाल सांगायला गेलो, तेव्हा माझ्या तोंडावरून हात फिरवत ती म्हणाली, "लई झ्याक केलंस. दत्तूला सांगाया पायजे." हातातला पेढा मला गोड लागला नाही. समोरच्या माणसाशी भांडता तरी येतं. हरवलेल्याशी काय भांडणार?

गावानं दत्तूचे दिवस घालायचं सुचवलं की ती म्हणायची, "सापडला न्हाई म्हंजी मेला न्हाई." म्हणूनच स्मशानात अडलं. मी अग्नी द्यायला पुढे झालो, तर भावकीतले म्हातारे बबनतात्या म्हणाले, "थांब. पोटचा ल्योक असताना पुतण्यानं आग्नी कसा द्यायचा? दत्तू न्हाई, आसं चौघांत म्हण, मंग दे."

"आन् तसं न्हाई म्हटलं तर?" मी विचारलं.

"मंग काय, तो येस्तवर बसू समदी हितंच," मागून कुणीतरी बोललं.

एकच वाक्य म्हणायचं होतं. पाच वर्षं मी ते मनात म्हणत आलो होतो. काकीच्या तोंडाकडे पाहिलं... "दत्तूच्या वतीनं देतो," म्हणालो. तात्यांनी मान डोलावली. जन्मात एकदा पुढे झालो, तेही त्याच्या नावावर.

दिवस झाल्यावर काकीची ट्रंक उघडली. आत घडी न मोडलेले पाच सदरे होते. दर दिवाळीला ती पौडच्या शिंप्याकडे मला मापाला उभं करायची. "दत्तू आता तुझ्यावानीच झाला आसंल," म्हणायची. मी हात पसरून मुकाट उभा राहायचो.

"घाल रं," तात्या म्हणाले, "तुझ्याच मापाचं हायेत."

एक घातला, तर खांद्यावर लोंबायला लागला. शिंप्याला विचारलं. तो म्हणाला, "तुम्ही भाईर गेला की काकी मागं थांबायच्या. म्हणायच्या, खांद्याला दोन बोटं जादा धर, माझा दत्तू रुंद हाय."

हल्ली शाळेत मी तेच सदरे घालून जातो. मापात बसवून देतो म्हणून शिंपी दोनदा बोलला. अजून नेले नाहीत.